पायलट एरर म्हणजे नेमकं काय चुकतं?

छोटं विमान पडल्याची बातमी आली की शेवटच्या ओळीत हमखास एक वाक्य असतं, प्राथमिक अंदाजानुसार पायलटची चूक, आणि आपण पुढच्या बातमीवर जातो. मी पण तेच करायचो. डोक्यात चित्र असं की पायलटने भलतंच बटण दाबलं असेल, हँडल उलटं फिरवलं असेल, रात्रीच्या ट्रकवाल्याचा डोळा लागतो तसं काहीतरी. मग माझा मावसभाऊ फ्लाइंग शिकायला गेला, आणि सुट्टीत घरी आला की मावशीला काळजी नको म्हणून तिला जे सांगायचा नाही ते सगळं मला गच्चीवर सांगायचा. त्याच्याकडून पहिल्यांदा कळलं की टेक-ऑफच्या अपघातात जी चूक म्हणतात ती बऱ्याचदा हाताने झालेलीच नसते, ती हिशोबात झालेली असते, आणि ती होते तेव्हा विमान पार्किंगमध्ये गपगार उभं असतं.

हे समजून घ्यायला एक जुनी केस फार उपयोगी पडते. ११ एप्रिल १९९६, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शायॅन शहर. सकाळी ८ वाजून २४ मिनिटांच्या आसपास एक चार सीटचं, एका इंजिनाचं सेसना १७७बी, ज्याला कार्डिनल म्हणतात, रनवेवरून उडालं आणि थोड्याच वेळात एअरपोर्टच्या जवळच्या वस्तीत येऊन आदळलं. आत तिघं होते, तिघंही गेले. जमिनीवर कोणाला काही झालं नाही हे नशीबच म्हणायचं, कारण आजूबाजूला घरं होती.

त्या तिघांपैकी एक सात वर्षांची मुलगी होती, जेसिका डुब्रॉफ, आणि म्हणूनच ही बातमी जगभर गाजली. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत विमानाने पार करणारी सगळ्यात लहान 'पायलट' असा तिचा गाजावाजा चालला होता. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे पासून मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथपर्यंत जायचं आणि परत यायचं, सगळं मिळून आठ दिवसांत. पुढच्या डाव्या सीटवर जेसिका, उंची पुरावी म्हणून खाली उशी, पाय पोचावेत म्हणून पेडलला जोड लावलेले, उजव्या सीटवर ५२ वर्षांचा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आणि मागे वडील. जाईल तिथे कॅमेरे, माईक, मुलाखती. गंमत म्हणजे (गंमत कसली, पण शब्द तोच येतो) गिनेसवाल्यांनी सगळ्यात लहान पायलट हा विक्रमाचा प्रकार त्याआधीच बंद केलेला होता, लोक पोरांना घेऊन नसते धोके पत्करतील म्हणून. म्हणजे ज्या विक्रमासाठी ही सगळी धावपळ चालली होती तो अधिकृतपणे नोंदवणारी वहीच मिटलेली होती.

आता इथे बहुतेक जण मनात म्हणतात, सात वर्षांच्या पोरीच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय होणार. मी पण तेच म्हटलं होतं. पण अमेरिकेची अपघात तपास यंत्रणा, एनटीएसबी, हिने जो तपास केला त्यात निष्कर्ष असा निघाला की त्या वेळी विमान इन्स्ट्रक्टर चालवत होता. कायद्याने सुद्धा पायलट तोच होता, तिथे सोळा वर्षांखाली एकट्याने विमान उडवायची परवानगीच नाही, त्यामुळे जेसिका कागदावर प्रवासीच. आणि इन्स्ट्रक्टर कोणी नवशिका नव्हता, त्याच्या खात्यावर हजाराच्या वर तास होते. मग अनुभवी माणसाचं विमान साध्या टेक-ऑफला का पडावं? इथून खरा विषय सुरू होतो.

सुरुवात हवेपासून करू. आपल्याला शाळेत शिकवतात की वर गेलं की हवा विरळ होते, आपण मान डोलावतो आणि विसरतो. शायॅनचा एअरपोर्ट समुद्रसपाटीपासून साधारण ६,१५० फुटांवर आहे. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या देवळापाशी उभं राहून वर बघायचं, अजून साडेसातशे फूट वर, तिथे यांचा रनवे. आणि हा इन्स्ट्रक्टर ज्या हाफ मून बे चा, तो एअरपोर्ट समुद्राला लागून, शंभर फूट सुद्धा उंची नाही, म्हणजे समजा अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी शिकलेला आणि तिथेच चालवणारा माणूस. त्याचे हात, त्याचे कान, विमान किती अंतरात उचलतं आणि किती झपाट्याने वर चढतं याचा त्याचा अंदाज, सगळं किनाऱ्याच्या जाड हवेवर तयार झालेलं.

विरळ हवेचा मार तीन ठिकाणी बसतो. एक म्हणजे इंजिन. कार्डिनलचं इंजिन १८० हॉर्सपॉवरचं, पण ते आकडे समुद्रसपाटीचे. ज्या इंजिनाला टर्बो नाही त्याची ताकद साधारण दर हजार फुटांना तीन टक्के कमी होत जाते, कारण पेट्रोल जाळायला हवा लागते आणि हवाच कमी. दुसरं म्हणजे प्रोपेलर, तो पंख्यासारखा हवा मागे फेकून विमान पुढे ओढतो, फेकायला हवा कमी म्हणजे ओढ कमी. तिसरा पंख, त्यालाही तेवढंच वजन पेलायला जास्त जोरात धावावं लागतं.

पायलट लोक यासाठी एक आकडा काढतात, डेन्सिटी अल्टिट्यूड. नाव भारी आहे पण अर्थ सोपा, आत्ता इथली हवा किती फुटांवरच्या हवेसारखी वागतेय. तापमान वाढलं की हवा फुगते, पातळ होते, आकडा वर जातो, हवेचा दाब कमी असला तरी वर जातो. त्या सकाळी शायॅनमध्ये थंडी होती, जेमतेम चार डिग्री, तरी वादळी हवामानामुळे दाब कमी असल्याने हा आकडा ६,६७० फूट आला. उलटं उदाहरण आपल्या जवळचं घ्या. पुण्याचं लोहगाव साधारण १,९४० फुटांवर. मे महिन्यातली दुपार, पारा ४०. ढोबळ नियम असा की त्या उंचीला जेवढं तापमान अपेक्षित आहे त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला १२० फूट धरायचे. अपेक्षित साधारण ११, म्हणजे २९ डिग्री जास्त, म्हणजे जवळपास साडेतीन हजार फूट, एकूण ५,४०० च्या घरात. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी विमानाच्या दृष्टीने लोहगाव हे कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसतं! रनवे तोच, डांबर तेच, विमान तेच. मावसभाऊ म्हणायचा की मे मधल्या दुपारी ट्रेनिंगचं विमान उचलायलाच मागत नाही, म्हातारी बैलजोडी चढाला लागल्यासारखं करतं. लेहला विमानं सकाळी सकाळी उरकतात त्याच्यामागे पण हेच गणित आहे, साडेदहा हजार फुटांवरचा एअरपोर्ट, त्यात दिवस वर आला की हवा तापते आणि डोंगरातले वारे सुटतात.

आता वजन. कार्डिनलचं जास्तीत जास्त वजन २,५०० पौंड, म्हणजे अकराशे चौतीस किलोच्या आसपास. त्या दिवशी टेक-ऑफला ते ९६ पौंडांनी जास्त होतं असं तपासात निघालं. किलोमध्ये साधारण त्रेचाळीस-चव्वेचाळीस. ऐकायला काहीच वाटत नाही ना? आपल्याकडे सहा सीटच्या वडापमध्ये चौदा जण बसतात, वर टपावर कोंबड्या. चार टक्के सुद्धा नाही. मला पण हे कळत नव्हतं, एवढ्याशा वजनाने विमान कसं पडेल. मावसभावाने मग पगाराचं उदाहरण दिलं आणि तेव्हा ट्यूब पेटली.

समजा तुमचा पगार शंभर रुपये आहे आणि घरखर्च साठ. उरतात चाळीस. विमानाचं असंच असतं, इंजिनाची ताकद म्हणजे पगार, नुसतं हवेत सरळ तरंगत राहायला जी ताकद लागते ती म्हणजे घरखर्च, आणि वर चढायला फक्त शिल्लक वापरता येते. चढ शिलकीतूनच होतो, पूर्ण पगारातून नाही. आता विरळ हवेने पगार कापला, शंभरचा ऐंशी झाला. जास्त वजनाने, विरळ हवेने आणि पावसाने घरखर्च वाढला, साठचा पासष्ट झाला. पगार वीस टक्केच कमी झाला आणि खर्च पाचच रुपये वाढला, पण शिल्लक चाळीसवरून पंधरावर आली. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, त्या विमानाचे नाहीत, पण मामला असाच असतो. पायलटला कॉकपिटमध्ये बसून इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच येतो, थ्रॉटल, म्हणजे विमानाचा अ‍ॅक्सिलरेटर, पूर्ण आत, सगळं नॉर्मल, फक्त विमान चढत नाही. आणि जे विमान चढत नाही ते बघून माणसाचा हात आपोआप काय करतो? हँडल मागे ओढतो, नाक अजून वर करतो.

इथे तो शब्द येतो, स्टॉल. मराठी बातम्यांत स्टॉल म्हटलं की 'इंजिन बंद पडलं' असं लिहितात, ते चूक आहे. स्टॉल पंख होतो, इंजिन व्यवस्थित घरघरत असतं. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पंजा आडवा धरलाय ना, कंडक्टर ओरडेपर्यंत? पंजाची पुढची कड जराशी वर केली की वारा हात उचलतो. अजून वर केली, अजून उचलतो. पण एका मर्यादेच्या पलीकडे, पंजा जवळजवळ उभा केला, की उचलणं बंद आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं हुबेहूब असंच. वारा आणि पंख यांच्यातला कोन वाढवत नेला की साधारण पंधरा-सोळा डिग्रीपर्यंत पंख जास्त जास्त उचलतो, त्यानंतर पंखाच्या वरच्या बाजूची हवा चिकटून वाहायची सोडून देते, विस्कटते, आणि उचल धाडकन कमी होते. तो स्टॉल. हळू चाललेल्या विमानाला तेवढंच वजन पेलायला कोन जास्त ठेवावा लागतो, म्हणून कमी स्पीड आणि स्टॉल यांची जोडी.

त्यातून सुटायचं कसं हे प्रत्येक शिकाऊला पहिल्या काही तासांत शिकवतात आणि ते मनाविरुद्ध आहे, नाक खाली करायचं. पडतोय तेव्हा अजून खाली जायचं. वर आकाशात तीन-चार हजार फुटांवर हे सोपं आहे, नाक खाली, स्पीड आला, पंख परत चालू, काहीशे फूट गेले पण ते होते म्हणून गेले. टेक-ऑफनंतर लगेच ते काहीशे फूट खात्यात नसतातच. शिवाय दोन्ही पंख एकदम स्टॉल होतील असं नाही, विमान वळत असेल किंवा वारा झटके देत असेल तर एक पंख आधी जातो, आणि मग विमान त्या बाजूला कोलमडतं.

वळणाचा पण एक हिशोब आहे जो मला फार आवडतो, कारण तो निव्वळ भूमिती आहे. विमान वळायला आडवं होतं. आडवं झालं की पंखाची उचल सरळ वर न लागता तिरकी लागते, त्यातला काही भाग वळवण्यात खर्च, म्हणून वजन पेलायला एकूण उचल वाढवावी लागते आणि ज्या स्पीडला स्टॉल होतो तो स्पीड वर सरकतो. २० डिग्री कललं तर फक्त तीन टक्के. ४५ ला एकोणीस टक्के. ६० ला थेट एक्केचाळीस टक्के. त्यामुळे हळूच वळलं तर काही बिघडत नाही, पण शिल्लक आधीच पंधरा रुपयांवर आलेली असेल तर तीन टक्केसुद्धा टोचतात. वरून जास्त वजनाचे अजून दोन टक्के.

आणि वारा. त्या सकाळी पश्चिमेकडून जोराचा वारा होता, मध्येच झोत येणारा, आणि वादळ एअरपोर्टकडे सरकत होतं. विमान साधारण वायव्येला तोंड करून उडालं, म्हणजे बऱ्यापैकी वाऱ्याला सामोरं, ते बरोबरच आहे. पण जायचं होतं पूर्वेला, नेब्रास्कातल्या लिंकनकडे, म्हणून उजवीकडे वळायला घेतलं. म्हणजे वारा हळूहळू समोरून बाजूला आणि बाजूने पाठीमागे येणार. इथे एक सापळा आहे जो समजायला जरा वेळ लागतो. नदीत पोहणारा माणूस प्रवाहाबरोबर वळला की काठावरची झाडं भराभर मागे जायला लागतात, त्याला वाटतं काय जबरदस्त पोहतोय आपण, प्रत्यक्षात पाण्याच्या हिशोबाने त्याचा वेग होता तेवढाच आहे. विमानाला पंखावरून जाणारा वारा कळतो, जमीन नाही. पण पायलटच्या डोळ्याला खाली पळणारी जमीन दिसते. जमीन जवळ, वारा पाठीमागून, त्यात विरळ हवेमुळे स्पीडच्या काट्यावर सत्तर असताना खरा वेग त्यापेक्षा दहाएक टक्के जास्तच असतो, म्हणजे जमीन अजूनच भराभर पळते. डोळा म्हणतो भरपूर स्पीड आहे, पंख म्हणतो मी संपलो. काट्याकडे बघितलं तर कळेल, पण समोरच्या काचेवर धो धो पाऊस, छोट्या विमानांना सहसा वायपर नसतो, विमान हेलकावे खातंय, लक्ष बाहेर.

झोताचा प्रकार याहून वाईट. समोरून येणारा वारा अचानक पडला की विमानाचा हवेतला वेग तेवढ्याने एका क्षणात कमी, विमान जडत्वाने तेवढ्या लवकर सावरू शकत नाही. यालाच विंडशियर म्हणतात. त्या सकाळी यांच्या आधी उडालेल्या एका प्रवासी विमानाच्या पायलटने एअरपोर्टच्या कंट्रोल टॉवरला सांगितलं होतं की वर पंधरा नॉट इकडचं तिकडं होतंय, म्हणजे ताशी अठ्ठावीसेक किलोमीटर. टॉवरने ते यांना कळवलं. मोठ्या विमानाला हा हिसका आहे, छोट्या विमानाला, ज्याचा स्टॉलचा स्पीड आणि चढायचा स्पीड यांच्यातलं अंतरच फार नसतं, त्याला हा सगळा पगार आहे.

अजून दोन शक्यता धरता येतात, पंखावर बर्फ आणि कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा जिथे मिसळते तिथे, बर्फ. दुसरी गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटतं. गरम इंजिनात बर्फ कसा? घरचा गॅस मोठ्या शेगडीवर खूप वेळ जोरात चालवला तर सिलिंडरच्या बाहेर दव धरतं, कधी चक्क हिम धरतं, बघितलंय ना, लग्नाच्या स्वयंपाकात हमखास दिसतं. द्रवाची वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं तेच होतं, आणि तिथे हवा चिंचोळ्या नळीतून जाते त्याने अजून गार पडते. हवा दमट असेल तर त्या नळीत बर्फ धरतो आणि इंजिनाचा घसा आवळला जातो. पावसाळी थंड सकाळ ही त्यासाठी अगदी योग्य वेळ. पण हे 'शक्य आहे' एवढंच, आणि मला वाटतं त्याच्याशिवायही हिशोब पुरेसा बिघडलेला होता.

लोकांनी खालून जे बघितलं ते असं की विमान कमी उंचीवर, हळू, नाक वर केलेलं, पंख डुगडुगतायत, उजवीकडे वळतंय, आणि मग एकदम खाली, जवळजवळ नाकावर. वाचताना तुम्हाला आता ते चित्र कळतं ना? शिल्लक नाही म्हणून चढत नाही, चढत नाही म्हणून नाक वर, नाक वर म्हणून स्पीड कमी, त्यात वळण, त्यात झोत.

आता परत त्या शब्दाकडे, पायलट एरर. शेवटच्या दोन सेकंदांत त्याने हँडल कसं धरलं यावर चर्चा करता येते, पण एनटीएसबीने कारण लिहिताना सुरुवात तिथून केली नाही. त्यांनी पहिलं बोट ठेवलं ते निर्णयावर, बिघडत चाललेल्या हवामानात, वजन जास्त असताना, सवय नसलेल्या डेन्सिटी अल्टिट्यूडला उडायचा चुकीचा निर्णय, आणि त्याचा परिणाम म्हणून स्पीड न राखता येणं आणि स्टॉल. क्रम बघा, स्टॉल शेवटी आहे. आणि याला हातभार काय, तर अति महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायची ओढ, ज्याच्यामागे मीडियाला दिलेले शब्द पण होते, असं त्यांनी सरळ लिहिलंय. तपास यंत्रणेच्या रिपोर्टमध्ये, जिथे सगळं पौंड आणि नॉटमध्ये चालतं, तिथे 'ओढ' हा प्रकार कारणांच्या यादीत येतो हे मला विशेष वाटतं.

यातली एकेक गोष्ट सुटी केली तर कोणीच मरत नाही हे पण खरं आहे. नुसतं चव्वेचाळीस किलो जास्त, किनाऱ्यावर, कोरड्या हवेत, बहुतेक उडालं असतं. शायॅनहून रोज छोटी विमानं उडतात. पावसात पण उडतात. वाऱ्यात पण. हेच तर अवघड आहे, प्रत्येक गोष्टीला 'एवढ्याने काय होतंय' हे उत्तर तयार असतं आणि ते उत्तर त्या एका गोष्टीपुरतं बरोबरही असतं. आपण बेरीज करत नाही. घाटात पाटी असते बघा, अति घाई संकटात नेई, आपण ती वाचत वाचतच ओव्हरटेक करतो.

आणि घाई किती बारीक असते ते बघा. सकाळी इन्स्ट्रक्टरने फोनवरून हवामानाची माहिती घेतली, त्याला सांगितलं गेलं की थंड हवेची आघाडी येतेय, वादळ, बर्फ धरायचा इशारा, झटके, सगळं. पूर्वेकडचं आकाश मोकळं दिसत होतं आणि त्यांना पूर्वेलाच जायचं होतं. इथे तर्क अगदी घरगुती आहे, मागून पाऊस येतोय ना, मग लवकर निघू, म्हणजे सुटू. आपण छत्री विसरल्यावर ऑफिसमधून असंच निघतो. स्थानिक रेडिओ स्टेशनच्या एका माणसाने त्यांना सुचवलं की राहा की इथेच, तर वडिलांनी नको म्हटलं, वादळ यायच्या आत निघायचंय.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे नेताना, पाऊस लागला, दृश्यमानता कमी झाली, इतकी की डोळ्यांनी बघत उडायच्या नियमाखाली, ज्याला व्हीएफआर म्हणतात, उडता येईना. टॉवरने तसं सांगितलं. यावर एक पळवाट असते, कायदेशीर पळवाट, स्पेशल व्हीएफआर, म्हणजे एअरपोर्टच्या हद्दीपुरती कमी दृश्यमानतेत बाहेर पडायची परवानगी मागायची. त्याने मागितली, मिळाली. लोक विचारतात टॉवरने अडवलं का नाही. टॉवर ट्रॅफिक पोलीस आहे, पालक नाही. विमान उडवायचं की नाही हे शेवटी पायलटने ठरवायचं असतं, आणि पायलट इन कमांड या शब्दाचं वजन तेच.

मावसभावाला मी एकदा विचारलं, तुला कधी असं झालंय का रे. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, आमच्याकडे सगळे फॉर्म्युले तोंडपाठ असतात. वजन किती, हवा किती, रनवे किती, सगळं येतं. पण बाहेर इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत उभा असतो, मागचा मुलगा त्याच विमानाची वाट बघत असतो, तेव्हा वही उघडायची लाज वाटते." फक्त लाज. आणि तिकडे तर बाहेर कॅमेरे होते, पुढच्या गावात पण कॅमेरे वाट बघत होते, आणि शेजारच्या सीटवर सात वर्षांची पोर, जिला आज नको उद्या जाऊ म्हणायचं तर तिच्या वडिलांना पण म्हणावं लागणार, ज्यांनी हे सगळं जमवून आणलेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा आला, चाइल्ड पायलट सेफ्टी अ‍ॅक्ट. विक्रम, स्पर्धा किंवा असल्या पराक्रमासाठी उडताना, निदान प्रायव्हेट पायलटचं लायसन्स नसलेल्या माणसाला कंट्रोल हातात द्यायचे नाहीत. चांगला कायदा आहे, असल्या शर्यती बंद झाल्या. पण वरची सगळी गणितं परत एकदा बघा, हवा, वजन, वळण, वारा, त्यात कुठेही मुलीच्या वयाचा आकडा येत नाही. मागच्या सीटवर कोणी साठ वर्षांचे काका असते, पुढे त्यांचा मुलगा असता आणि पलीकडच्या गावात लग्नाचा मुहूर्त असता तरी बेरीज तीच आली असती.

एक छोटी गोष्ट राहिली. त्या सकाळी सामान चढवून, सगळे आत बसून इंजिन चालू केलं तेव्हा पुढच्या चाकाचा चॉक काढायचाच राहिला होता. चॉक म्हणजे उभ्या गाडीच्या चाकाला अडकण म्हणून लावतात तसा ठोकळा. प्रोपेलर पुढेच फिरत असतो, तेव्हा फिरत्या प्रोपेलरजवळ जाऊन तो काढता येत नाही. म्हणून इंजिन परत बंद केलं. प्रोपेलर थांबला. चॉक बाजूला झाला, आणि परत स्टार्ट केलं.